गावातील जुन्या मंदिराचा इतिहास आणि माहात्म्य कसे लिहावे

मंदिराचा जीर्णोद्धार ठरला, की वर्गणीच्या पावत्यांबरोबर स्मरणिकेचीही तयारी सुरू होते आणि ‘मंदिराचा इतिहास’ लिहिण्याचे काम गावातील एखाद्या शिक्षकाकडे, निवृत्त कर्मचाऱ्याकडे किंवा महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींकडे सोपवले जाते. हाती वेळ थोडा असतो, मार्गदर्शन करणारे जवळ कोणी नसते आणि त्यामुळे बहुतेक स्मरणिकांत तीच वाक्ये उतरतात : मंदिर अतिप्राचीन आहे, ते हेमाडपंती आहे आणि पांडवांनी ते एका रात्रीत उभारले. प्रत्यक्षात त्याच मंदिराच्या भिंतीत, आवारातील दगडांत, तहसील कार्यालयातील दप्तरात आणि गुरवांच्या आठवणीत त्या गावाचा असा इतिहास असतो, की जो दुसऱ्या कोणत्याही गावाचा असू शकत नाही. तो गोळा करून नीट मांडण्याची पद्धत पुढे दिली आहे. ज्यांच्यावर हे काम सोपवले गेले आहे आणि ज्यांना ते मनापासून करायचे आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

तीन वये वेगळी ठेवावीत

सुरुवातीलाच एक भेद मनाशी पक्का करावा, कारण पुढील सारे काम त्यावर उभे आहे. मंदिराला एक वय नसते, तीन असतात. आज उभी असलेली वास्तू केव्हाची, त्या देवतेचे ठाणे केव्हापासूनचे आणि आज चालणारी उपासना केव्हापासून चालत आली, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे निरनिराळ्या पुराव्यांतून मिळतात आणि ती एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

गोव्यातील श्रीमंगेशाचे उदाहरण घ्यावे. आज हे देवस्थान फोंडा तालुक्यात प्रियोळ येथे आहे. परंतु मूळ ठाणे कुशस्थळीचे, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचे. पोर्तुगीज अमलात सासष्टीतील देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा १५६० मध्ये भाविकांनी देव नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या भागात आणला, जेथे त्या काळी पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. केळशीची शांतादुर्गा अशीच कवळ्याला आली आणि तिचे आजचे देऊळ अठराव्या शतकात छत्रपती शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने उभे राहिले. येथे कोणी ‘मंदिर अठराव्या शतकातील आहे’ एवढेच लिहिले, तर ते वास्तूपुरते खरे ठरेल. पण ज्या श्रद्धेने माणसांनी देवाला पाठीवर घेऊन नदी ओलांडली, ती त्या वाक्यात कोठेच येणार नाही. उलट ‘मंदिर हजारो वर्षांचे आहे’ असे लिहिले, तर स्थलांतराचा आणि पुनःस्थापनेचा सारा इतिहासच पुसला जाईल. म्हणून वहीत पहिल्या दिवसापासून तीन स्वतंत्र विभाग करावेत आणि मिळालेली प्रत्येक नोंद वास्तू, देवता किंवा उपासना यांपैकी योग्य त्या विभागात लिहावी.

वास्तूची पाहणी : रंग लागण्याआधी

जीर्णोद्धाराच्या कामात फरशा, ग्रॅनाइट, संगमरवर आणि ऑइलपेंट येण्यापूर्वी पाहणी पूर्ण झाली पाहिजे. हा मुद्दा मी आग्रहाने मांडतो, कारण एकदा का जोत्यावर फरशी बसली आणि द्वारशाखेवर, म्हणजे दाराच्या कोरीव चौकटीवर रंगाचे तीन हात चढले, की जे झाकले जाते ते आपल्या पिढीला पुन्हा दिसत नाही. मंदिर संरक्षित स्मारक असेल, तर छायाचित्रणापलीकडच्या प्रत्येक गोष्टीसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. नसेल, तर देवस्थान समितीला आणि पुजाऱ्यांना विचारून काम सुरू करावे.

प्रथम मंदिराला बाहेरून प्रदक्षिणा घालावी आणि प्रत्येक बाजूचे छायाचित्र सरळ समोरून, मोजपट्टी ठेवून घ्यावे. मग जोत्यापासून कळसापर्यंत बांधकामाचे साहित्य कोठे बदलते ते पाहावे. महाराष्ट्रातील पुष्कळ देवळांत गाभारा आणि खालचे थर घडीव काळ्या पाषाणाचे, वरचे शिखर विटा व चुन्याचे आणि पुढचा सभामंडप लाकडी खांबांचा किंवा सिमेंटचा असतो. हे निरनिराळ्या काळांतील काम आहे. मूळ शिखर पडल्यावर मराठेकाळात विटांचे शिखर चढवले गेले आणि नंतर कधीतरी मंडप वाढवला गेला, असा क्रम अनेक ठिकाणी आढळतो. दीपमाळ आणि नगारखाना यांची नोंद वेगळी करावी. त्यांच्यावर बांधणाऱ्याचे नाव आणि शक कोरलेला असण्याची शक्यता बरीच असते.

‘हेमाडपंती’ या शब्दाबद्दल सावध राहावे. हेमाद्री पंडित हे देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचे मंत्री, म्हणजे त्यांचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. चुना न वापरता दगडावर दगड बसवून बांधलेली देवळे त्यांच्याही कितीतरी आधीची आहेत. अंबरनाथचे शिवमंदिर तर त्यांच्यापूर्वी दोन शतके पूर्ण झाले होते. तेव्हा ‘मंदिर हेमाडपंती आहे’ असे न लिहिता ‘चुन्याशिवाय घडीव दगडांत बांधलेले’ असे लिहावे. शिखर शिल्लक असेल तर त्याची घडण पाहावी. अंबरनाथ किंवा सिन्नरच्या गोंदेश्वराप्रमाणे शिखराच्या चारही बाजूंना मधोमध उभे पट्टे आणि त्यांच्यामध्ये लहान शिखरांच्या रांगा एकावर एक रचलेल्या असतील, तर ती भूमिज शैली होय.

त्यानंतर गाभाऱ्याच्या दाराशी थांबावे. उंबऱ्यावरील कीर्तिमुख (उग्र मुखाचे शिल्प), द्वारशाखांच्या तळाशी उभे द्वारपाल आणि दारावरच्या पट्टीच्या मध्यभागी असलेले ललाटबिंब ही तीन ठिकाणे बारकाईने पाहावीत. द्वारपालांच्या हातांतील आयुधे आतला मूळ देव शैव होता की वैष्णव, याचा अंदाज देतात. ललाटबिंबावर गणपती असला म्हणजे ते गणपतीचे देऊळ होते असे मात्र समजू नये; गणपती अनेक देवळांच्या ललाटावर असतो. बाहेरच्या भिंतींतील देवकोष्ठे, म्हणजे मूर्तींसाठीचे कोनाडे, अधिक बोलकी असतात. तेथे चामुंडा, नटराज, अंधकासुरवध अशा मूर्ती असतील, तर मूळ स्थान शिवाचे असण्याला बळ मिळते. कोष्ठ रिकामे असेल तर ‘रिकामे’ अशी नोंद करावी, आणि आवारात झाडाखाली ठेवलेल्या भग्न मूर्तींपैकी एखादी त्या कोष्ठाच्या मापाची आहे का, हे मोजून पाहावे.

मूर्तीचे वर्णन करताना हातांतील वस्तू खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करून प्रदक्षिणेच्या क्रमाने लिहाव्यात. विष्णूच्या केशवादी चोवीस रूपांची नावे शंख, चक्र, गदा आणि पद्म यांच्या क्रमावरूनच ठरतात, त्यामुळे क्रम चुकला तर देवाचे नावच बदलते. मूर्तीची झीज थांबवण्यासाठी तिला वज्रलेप करायचे ठरले असेल, तर लेपापूर्वीची छायाचित्रे सर्व बाजूंनी घेऊन ठेवावीत.

कोरलेले लेख वाचताना

लेख सापडला, की त्यावर खडू, रांगोळी, तेल किंवा शेंदूर फासून अक्षरे उठवण्याचा मोह अनेकांना होतो. तसे कदापि करू नये. खडूने आपण आपल्याला वाटलेले अक्षर गिरवतो आणि पुढच्या माणसाला दगडावरचे अक्षर न दिसता आपला समज दिसतो. सकाळी लवकर किंवा मावळतीला तिरपा उजेड अक्षरांच्या खाचांत सावली धरतो, तेव्हा छायाचित्र घ्यावे. आत अंधार असेल, तर एकाने बाजूने विजेरी धरावी आणि दुसऱ्याने समोरून छायाचित्र काढावे. विजेरीची दिशा बदलून तीच ओळ चार बाजूंनी टिपावी. ओला कागद दगडावर थापून आणि शाई लावून घेतलेला ठसा सर्वांत विश्वसनीय असतो, पण ते जाणत्या माणसाचेच काम आहे.

एक अंक चुकला तर काय होते, हे अंबरनाथच्या लेखावरून कळते. तेथील उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळातील लेख आहे. त्यातील शक आरंभी ७८२ असा वाचला गेला आणि त्यामुळे मंदिर इ. स. ८६० चे मानले गेले. नंतरच्या वाचनात तो अंक ९८२ असल्याचे निश्चित झाले आणि मंदिराचा काळ १०६० ठरला. शतकाच्या एका अंकामुळे दोनशे वर्षांचा फरक पडला, आणि तोही नामांकित अभ्यासकांच्या हातून. तेव्हा गावातील लेखाचा शक एकट्याने वाचून लगेच छापू नये. छायाचित्र जाणकाराकडे पाठवावे आणि तोवर स्वतःचे वाचन पेन्सिलीनेच लिहून ठेवावे.

शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. लेखातील महिना पौष ते फाल्गुन यांपैकी असेल, तर बहुधा ७९ मिळवावे लागतात. लेखात संवत्सराचे, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातील त्या वर्षाचे नाव दिले असेल, तर पडताळ्याचे साधन हाती आले असे समजावे. शकात १२ मिळवून येणाऱ्या संख्येला ६० ने भागावे. जी बाकी उरेल, तो प्रभवापासून मोजलेला संवत्सराचा क्रमांक होय आणि बाकी शून्य आली तर संवत्सर साठावे, म्हणजे क्षय. अलिबागजवळच्या आक्षी येथील प्रसिद्ध लेखात शक ९३४ वाचला जातो. ९३४ मध्ये १२ मिळवले की ९४६ होतात, त्यांना ६० ने भागल्यास बाकी ४६ उरते आणि सेहेचाळिसावा संवत्सर परिधावी होय. लेखात संवत्सराचे नाव ‘प्रधावी’ असे कोरलेले आहे, म्हणजे अंक आणि नाव एकमेकांची साक्ष देतात. गत (सरलेली वर्षे मोजणारा) आणि वर्तमान (चालू वर्ष मोजणारा) शक यांच्या भेदामुळे कधी एका वर्षाचा फरक दिसेल. त्याहून अधिक फरक आला, तर अंकांचे वाचन पुन्हा तपासावे.

आक्षीचा हाच लेख उपासनेच्या वयाबद्दलही मोलाचे सांगतो. कोकणचा राजा केसीदेवराय याच्या काळात महालक्ष्मीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य देण्याची व्यवस्था त्यात नोंदलेली आहे. बोडण हा देवीचा कुळाचार आजही कोकणस्थ घरांत भरला जातो. एक हजार वर्षांपूर्वी ज्या विधीसाठी धान्य लावून दिले गेले, तो विधी आजही घरोघरी चालतो आहे, हे कळल्यावर माझ्या मते देवीचे माहात्म्य सांगायला आणखी विशेषणांची गरज उरत नाही.

पुष्कळ गावांत मंदिरावर लेख नसतो, पण आवारात वीरगळ, सतीशिळा किंवा गधेगाळ असते. वीरगळ खालून वर वाचायची : तळाच्या चौकटीत लढाई किंवा गुरे सोडवण्याचा प्रसंग आणि पडलेला वीर, मध्ये त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर कलश किंवा चंद्रसूर्य. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात कोरला असेल तर ती सतीशिळा. गधेगाळीवर चंद्रसूर्याखाली दानाचा मजकूर आणि त्याखाली दान मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी गाढव आणि स्त्री यांच्या चित्ररूपाने असते. तिचे चित्र पाहून संकोचाने ती उलटी पुरून ठेवल्याचे प्रकार घडतात, म्हणून नीट समजावून सांगावे, की तो देवाच्या जमिनीचे रक्षण करणारा दस्तऐवज आहे. या शिळांवरून मंदिराचे वर्ष ठरत नाही, पण त्या जागी वस्ती, लढाया आणि दाने होती एवढे निश्चित होते. नव्या कुंपणाच्या पायात त्या चिणल्या जाणार नाहीत याची काळजी समितीला घ्यायला लावावी.

कागदपत्रे

दगडानंतर कागद. सर्वांत जवळचे साधन म्हणजे मंदिराच्या जमिनीचा सातबारा आणि त्यामागचे फेरफार. जमीन ‘देवस्थान इनाम वर्ग ३’ अशी नोंदलेली असेल, तर ती कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणासाठी दिली, याचा शोध मागे घेता येतो. पेशवाईनंतर इंग्रज सरकारने १८५२ पासून इनामांची चौकशी केली. तेव्हा सनदा पुराव्यादाखल पुढे करण्यात आल्या आणि त्या कामकाजाचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात पाहता येतात. कोल्हापूर संस्थानातील गावांसाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार आहे. मराठवाड्यात निजामाच्या काळातील अतियात (इनामांचे काम पाहणाऱ्या) विभागाचे मुंतखब, म्हणजे इनामाच्या निर्णयाचे दाखले, हा मुख्य आधार. मंदिर नोंदणीकृत न्यास असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा उतारा मागावा. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यानुसार नोंदणी झाली तेव्हा उत्सव, मालमत्ता आणि वहिवाट यांची माहिती लिहून दिलेली असते आणि ती देणारी पिढी आज हयात नाही.

गुरवांच्या, पाटलांच्या किंवा कुलकर्ण्यांच्या घरी मोडीतील कागद निघाले, तर ते तेथेच ठेवून छायाचित्रे घ्यावीत. मूळ कागद घरी नेऊ नयेत. मोडी वाचणारा मिळेपर्यंत निदान कागदाच्या डोक्यावरील सन तरी ओळखता यावा. मराठेशाहीतील पत्रांत शुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहितात आणि तो एककापासून सुरू होतो : ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. शुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवले की इसवी सन येतो; म्हणजे हे पानिपतच्या युद्धाचे, १७६०-६१ चे वर्ष.

सनदेत दान कशासाठी दिले ते शब्दशः उतरवून घ्यावे. नंदादीपासाठी तेल, नैवेद्यासाठी तांदूळ, चौघडा वाजवणाऱ्याला जमीन, उत्सवासाठी वर्षासन, अशा नोंदी उपासनेच्या विभागात जातात आणि तेथे त्यांचे मोल फार आहे. जिल्हा गॅझेटिअरमध्ये गावाचे नाव आढळले, तर एकोणिसाव्या शतकात साहेबाने मंदिर कसे पाहिले तेही कळते. मात्र त्यातील दंतकथा तेव्हाच्या गावकऱ्यांनीच सांगितलेल्या असतात, हे ध्यानात ठेवून ‘गॅझेटिअरमध्ये आहे’ म्हणून त्यांना इतिहास मानू नये.

माहात्म्य कसे विचारावे

आता कामाचा सर्वांत समृद्ध भाग येतो आणि दुर्दैवाने त्यालाच सर्वांत कमी वेळ दिला जातो. ‘या देवाचे महत्त्व काय?’ असे विचारले, तर ‘जागृत देवस्थान आहे, नवसाला पावते’ एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी काय केले जाते ते विचारावे. पहाटे गाभारा कोण उघडतो? पहिले पाणी कोठून आणतात? नैवेद्य कोणत्या घरून येतो आणि त्यात काय असते? पालखी कोणत्या वाटेने जाते, कोठे थांबते आणि त्या थांब्यावर कोणाचा मान असतो? गावात कोणाकडे मृत्यू झाला तर उत्सवाचे काय होते? लग्नानंतर नवरा-नवरी प्रथम कोणत्या देवाला जातात? शक्य असल्यास स्वतः वर्षभराच्या फेऱ्यात उपस्थित राहून नोंदी कराव्यात. निदान एक नित्यपूजा पहाटेपासून शेजारतीपर्यंत आणि एक उत्सव आरंभापासून समाप्तीपर्यंत पाहावा.

गुरवांशी बोलताना घाई करू नये. शिवाच्या आणि ग्रामदेवतांच्या पूजेची परंपरा त्यांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि पोथीत नसलेल्या कितीतरी गोष्टी त्यांच्या हातांना माहीत असतात. त्यांच्याइतकेच महत्त्व वाजंत्री वाजवणाऱ्यांना, पालखीचे भोई असणाऱ्यांना, मशाल धरणाऱ्यांना आणि जत्रेत पहिला नारळ ठेवणाऱ्या घरांना द्यावे. त्यांतील प्रत्येकाकडे उत्सवाचा एकेक तुकडा असतो. जोतिबाच्या चैत्रयात्रेत निरनिराळ्या गावांच्या सासनकाठ्या (सजवलेल्या उंच मानाच्या काठ्या) ठरलेल्या मानक्रमाने येतात. तो क्रम म्हणजे त्या देवाशी जोडलेल्या गावांचा जिवंत नकाशाच आहे. कोकणात गावऱ्हाटीमध्ये, म्हणजे गावदेवाभोवतीच्या रूढ व्यवस्थेत, गावकर आणि ‘बारा-पाच’ म्हणून ओळखले जाणारे मानकरी यांची कामे वाटून दिलेली असतात, आणि महत्त्वाच्या गोष्टीसाठी देवाला कौल लावतात. देवाच्या अंगावर चिकटवलेली पाकळी किंवा कळी कोणत्या बाजूला पडली की होकार समजतात, प्रश्न कोणी विचारायचा, गाऱ्हाणे कोण घालतो आणि त्याचे शब्द काय, हे सारे जसेच्या तसे लिहून घ्यावे. गाऱ्हाण्यात गावाच्या सीमा, बारा वहिवाटी, राखणदार आणि पूर्वज यांचा उल्लेख येतो. त्यासारखा ग्रामदैवताच्या अधिकाराचा दुसरा दस्तऐवज नाही. ध्वनिमुद्रण करायचे असेल तर आधी विचारावे. जे बाहेर सांगायचे नाही असे देवाचे माणूस म्हणेल, ते छापू नये.

कथांना त्यांचा मान द्यावा. कथा खरी की खोटी याचा निवाडा करण्याऐवजी ती मंदिरातील कोणती गोष्ट उलगडून सांगते हे पाहावे. कोल्हापूर जिल्ह्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात शिवासमोर नंदी नाही. परंपरा सांगते, की सती दक्षाच्या यज्ञाला नंदीवर बसून गेली, म्हणून नंदी येथे नाही आणि तो कृष्णेकाठच्या यडूरला आहे; सतीच्या वियोगाने कोपलेल्या शिवाची समजूत काढणारा विष्णू धोपेश्वर या नावाने त्याच गाभाऱ्यात लिंगरूपाने आहे. ही कथा मंदिर कोणत्या शतकात बांधले ते सांगत नाही, पण तेथे दोन लिंगे एकत्र का पुजली जातात, दूरचे एक गाव या मंदिराशी कसे जोडले गेले आणि भाविक रिकाम्या जागेकडे पाहून कोणता भाव मनात आणतो, हे तीच सांगते. म्हणून कथा ‘परंपरा अशी सांगते’ या शब्दांनी सुरू करून पूर्ण लिहावी आणि तिचे दोन पाठ मिळाले तर दोन्ही द्यावेत.

कोण आत जाऊ शकत नव्हते, हेही विचारले पाहिजे. हा प्रश्न स्मरणिकेसाठी अवघड वाटतो, पण तो टाळला तर इतिहास अर्धाच राहतो. पंढरपुरात १२७३ ते १२७७ या काळातील ‘चौऱ्याऐंशीचा लेख’ विठ्ठलाच्या देणगीदारांची यादी देतो आणि त्यात रामचंद्र यादव व हेमाद्री यांची नावे आहेत. त्यानंतरच्या शतकात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ झाली. ज्यांचे अभंग सारी वारी गाते, त्या चोखोबांच्या समाजाला मंदिरात जाण्यासाठी आणखी सहा शतके लागली. साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण केले आणि मंदिर खुले होण्याचा निर्णय झाल्यावर ते सोडले. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता. आपल्या गावातील देवळाची दारे सर्वांना केव्हा उघडली, त्यासाठी कोणी पुढाकार घेतला आणि त्याआधी जे बाहेर उभे राहत ते दर्शन कसे घेत, हे त्या वाड्यांवस्त्यांतील वृद्धांकडूनच ऐकावे आणि आदराने लिहावे. बाहेरून घेतलेले दर्शनही त्या मंदिराच्या उपासनेचाच भाग होते.

मांडणी

सामग्री जमली, की प्रथम वास्तू, मग देवता, मग उपासना या क्रमाने लिहावे आणि प्रत्येक विधानामागे ते कशावरून कळले हे वाक्यातच सांगावे. ‘दीपमाळेवरील लेखानुसार’, ‘गुरव घराण्याच्या सांगण्याप्रमाणे’, ‘सनदेत नमूद केल्याप्रमाणे’ असे दोन-तीन शब्द पुरेसे असतात. नेमके वर्ष मिळाले नसेल, तर ‘बाराव्या-तेराव्या शतकातील असावे’ असा काळाचा पट्टा द्यावा आणि त्याचे कारण लिहावे. ‘सर्वांत प्राचीन’, ‘एकमेव’, ‘जगप्रसिद्ध’ ही विशेषणे काढून टाकावीत. ती कोणत्याही मंदिराला लावता येतात, म्हणून आपल्या मंदिराबद्दल काहीच सांगत नाहीत.

मसुदा छापण्यापूर्वी ग्रामसभेत किंवा उत्सवाच्या बैठकीत वाचून दाखवावा. मंदिराचे वय ऐकून काही जण नाराज होतील, कारण लहानपणापासून त्यांनी ते पांडवांच्या काळातील म्हणूनच ऐकलेले असते. अशा वेळी वाद घालू नये. पांडवांची कथा देवतेच्या विभागात पूर्ण आणि आदराने लिहिली आहे, हे त्यांना दाखवावे. वास्तूच्या विभागात मात्र दगडावर जे आहे तेच राहू द्यावे. मानपानाच्या क्रमावरून दोन घराण्यांत मतभेद असल्यास दोन्ही बाजू त्या-त्या घराण्याच्या नावाने न लिहिता ‘याबाबत गावात दोन परंपरा आहेत’ एवढे नोंदवावे. अनेकदा असे दावे न्यायालयात असतात आणि स्मरणिका तेथे पुरावा म्हणून दाखल होऊ शकते.

मंदिरातील फलकासाठी वेगळा, लहान मजकूर करावा. तो सात-आठ ओळींहून मोठा नसावा, त्यात वास्तूचा काळ व त्याचा आधार, देवतेची कथा आणि वर्षातील मुख्य उत्सव एवढेच यावे, आणि तो फलक जुन्या दगडावर खिळे ठोकून न लावता मंडपाबाहेर स्वतंत्र खांबावर उभा करावा. मूळ छायाचित्रे, लेखांची वाचने, ध्वनिमुद्रणे आणि मोडी कागदांच्या प्रती यांचा एक संच देवस्थानाकडे, एक गावच्या शाळेत किंवा वाचनालयात आणि एक तालुक्याबाहेर, जिल्हा ग्रंथालयात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत घेत असतील तर तेथे ठेवावा. प्रत्येक छायाचित्राच्या मागे किंवा त्याच्या संगणकातील नावात दिनांक, दिशा आणि जागा लिहावी, जसे ‘गाभारा, दक्षिण बाह्यभिंत, मधले देवकोष्ठ, रंगकामापूर्वी’.